दुसरा लॅपटॉप

आमच्या धंद्यात एक नियम आहे. शो सुरू झाला की दुसरा लॅपटॉप बंद. नुसतं झाकण मिटायचं नाही. बंद करायचा, पिशवीत घालायचा आणि पिशवीची चेन ओढायची. सुरतेत माझ्या हाताखालून जे जे हे काम शिकून गेले, त्यांना मी पहिल्या दिवशी हेच सांगतो. या पावसाळ्यात एका हॉलवाल्याने त्याच्या चार माणसांना शिकवायला मला बोलावलं होतं. तिथेही सांगितलं. त्यांतल्या एका बाईने वहीतून मान वर करून विचारलं, "सर, असं काही कधी झालं होतं का?"

मी म्हणालो, "नाही. आपली सवय असावी."

हे "नाही" मी नऊ वर्षं म्हणत आलो आहे. दिवाळी अंकासाठी लिहा असा संपादकांचा निरोप आला तेव्हा मनात होतं, गमतीजमती लिहू. त्याही लिहितो थोड्या. पण लिहायचं आहे ते दुसरंच.

आधी काम समजावून सांगतो. स्टेजवरचा दिवा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे अजून तो तापलेला हॅलोजन येतो, त्याच्यापुढे रंगीत कागद लावलेला. मीही त्यातच वाढलो. आता प्रत्येक एलईडी दिव्याच्या पोटात एक लहानसा कॉम्प्युटर असतो. त्याला नेटवर्कची केबल जाते, आणि प्रत्येक दिव्याला आपला पत्ता असतो, पर्वत पाटियाच्या मार्केटात प्रत्येक दुकानाला नंबर असतो तसा. पहिला लॅपटॉप शो चालवतो: अमक्या पत्त्यावर लाल पाठव, तमक्यावर निळा पाठव. दुसरा लॅपटॉप त्या आधीचं काम करतो. त्यावरच्या सॉफ्टवेअरमध्ये वर टांगलेल्या सगळ्या दिव्यांची यादी उघडते. ओळीसमोर खूण करायची आणि खालीच बसून त्या दिव्याचा पत्ता बदलायचा, नाव द्यायचं, तो किती तापलाय ते बघायचं, अडकला असेल तर बंद करून परत चालू करायचा. पूर्वी यासाठी वीस फुटांची शिडी चढावी लागे. आता बोट हलवलं की झालं.

सगळी गोम त्या बोटात आहे.

बारडोलीला एका समारंभात मी घाईघाईत दोन दिव्यांना एकच पत्ता दिला. अख्खा कार्यक्रम ते दोघे जुळ्यांसारखे वागले. वक्त्यावर उजेड टाकायला जावं तर दुसरा टोकाला बसलेल्या पाहुण्यांच्या डोळ्यांत. त्या पाहुण्यांनी शेवटी गॉगल लावला, आणि फोटोत ते फार ऐटदार आले म्हणून मला निरोपही पाठवला. पर्वत पाटियाचा एक साडीवाला शेठ तर साडीचा फॅशन शो सुरू व्हायच्या आधी राणी रंगाची साडी घेऊन शिडीवर चढला आणि दिव्याच्या काचेला साडी लावून म्हणाला, "आ तमारो गुलाबी छे, मारो राणी छे." तासभर मी लाल-निळ्याचं प्रमाण हलवत बसलो. शेवटी जुळलं तेव्हा शेठने दिव्याला नमस्कार केला, मला नाही.

अशा गोष्टी सांगायला बऱ्या वाटतात. त्यांत चुकीचं हसू होतं आणि माणूस घरी सुखरूप जातो.

आता हिलाल अण्णा. ते माझ्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी मोठे, अमळनेरकडचे. बमरोलीत लूम चालवता चालवता मंडपाच्या कामात आले. मला वायर सोलायला त्यांनी शिकवलं. मी लॅपटॉपकडे वळलो तसे ते माझ्या हाताखाली आले, म्हणजे कागदावर. केबल टाकणं त्यांचं काम, आणि केबल ते अशी टाकत की पाहत राहावं. भिंतीच्या कडेने सरळ, कुठे ताण नाही, आणि दर हातभर अंतरावर काळ्या टेपची पट्टी. पट्टी मारली की अंगठ्याने दोन्ही बाजू दाबायची. कितीही घाई असो, दोन्ही बाजू.

आणखी एक सवय होती त्यांची. स्टेजच्या विंगेत, पडद्याआड, ते एक साधा पिवळा बल्ब लावत. थेट बोर्डातून, नेटवर्कशी काही संबंध नसलेला. मी चेष्टा करायचो, "अण्णा, एवढे लाखमोलाचे दिवे वर आणि तुमचा हा चाळीचा बल्ब." ते आपल्या अहिराणीत म्हणायचे, "तुना दिवा कॉम्प्युटरले इचारीसन लागतस. अंधारमा माणूसले एक दिवा असा पाहिजे जो कोनलेच इचारत नही."

तो दिवस रविवारचा होता. खान्देशी मंडळाचा कार्यक्रम, उधन्याकडच्या एका बंद एसी हॉलमध्ये. बाहेर टळटळीत दुपार, आत हॉलवाल्याने दारंखिडक्यांचे पडदे ओढलेले, त्यामुळे आत पुरती रात्र. बायकांचा कानबाईच्या गाण्यावरचा नाच हा शेवटचा आयटम. आमच्याकडे श्रावणात कानबाई देवी बसवतात, तिचीच गाणी. चौदा बायका, सगळ्या गिरणीच्या, लूमच्या, साड्यांना लेस लावणाऱ्या घरांतल्या. त्यांच्यासाठी लाकडी चौथऱ्यांच्या तीन पायऱ्या केल्या होत्या. सर्वांत वर, मागच्या ओळीत, विमलबाई. गाणं त्याच उचलायच्या, म्हणून त्यांना मध्ये आणि उंचावर उभं केलं होतं. मागे काही नव्हतं. साडेचार फुटांवर खाली सिमेंट.

सकाळी चाचणीचं रेकॉर्डिंग बघताना व्हिडिओत विंगेतला पिवळा बल्ब दिसत होता. एका कोपऱ्यात, हरभऱ्याएवढा. मला तो व्हिडिओ मोठ्या कंपन्यांना दाखवायला हवा होता. मी अण्णांना म्हणालो, तो काढा. ते नको म्हणाले. मी परत म्हणालो, जरा वरच्या आवाजात, चार लोकांसमोर. त्यांनी बल्ब फिरवून काढला आणि खिशात ठेवला.

नाच सुरू झाला. सगळ्या स्टेजवर कुंकवासारखा लाल. आणि डाव्या टोकाचा सतरा नंबरचा दिवा पांढराच राहिला. अडकला होता. प्रेक्षकांपैकी कोणाचं लक्षही गेलं नसतं. माझं मात्र त्याच्यावरून डोळे निघेनात. व्हिडिओ चालू होता. तो पांढरा ठिपका त्या व्हिडिओत कायमचा राहणार होता.

दुसरा लॅपटॉप माझ्या डाव्या हाताशी उघडा होता. नियम तेव्हाही होता, मीच केलेला. मला वाटलं, एकच दिवा, एकच क्लिक. यादीत सतरा नंबरवर गेलो, त्यावर बोट ठेवलं आणि रीस्टार्ट दाबलं.

सकाळी सगळ्या दिव्यांना नावं देताना मी सगळ्यांवर खूण केली होती. ती काढायची राहून गेली होती.

सॉफ्टवेअरने मला विचारलं होतं. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. एक लहान खिडकी उघडली आणि तिच्यात स्पष्ट लिहिलं होतं की अठ्ठेचाळीस दिवे रीस्टार्ट होतील, करायचं का? आकडा माझ्या डोळ्यांसमोर होता. मी डोळे स्टेजवर ठेवून हो दाबलं.

दिवा परत चालू व्हायला अकरा सेकंद घेतो. अठ्ठेचाळीसही अकराच घेतात.

गाणं चालू राहिलं. ते मला सर्वांत जास्त आठवतं. एक-दोन सेकंद अंधारातही बायका गातच होत्या, त्यांना वाटलं असेल असंच ठरलंय. मग एकेक आवाज तुटत गेला. कोणीतरी "थांबा, थांबा" म्हणालं. नाचताना मागे पाऊल टाकायची एक जागा होती, सगळ्यांचं पाठ झालेलं पाऊल. लाकडावर काही तरी घासल्याचा आवाज आला, आणि मग खाली एक आवाज आला, जाड, पोतं टाकल्यासारखा. मी आकडे मोजत होतो. सहा. सात. हातात काही करण्यासारखं नव्हतं. दिवे आपल्या वेळेलाच येणार होते. आठ. लोकांनी मोबाइल काढेपर्यंत दहा झाले. मग सगळे दिवे एकदम लागले, शहाण्यासारखे, लालभडक. सतरा नंबरसुद्धा.

वरच्या पायरीवर मधली जागा रिकामी होती.

लोक मागे धावले. मी नाही धावलो. मी आधी दुसऱ्या लॅपटॉपचं झाकण मिटलं. मग धावलो.

विमलबाईंचं खुब्याचं हाड मोडलं होतं. त्यांना खुर्चीत घालून नेलं. मंडळाचे अध्यक्ष माझ्यापुढे आले. "रवीभाऊ, लाइट का गेली?"

मी म्हणालो, "केबल हलली असेल."

तीनच शब्द. विचार करून म्हणालो असतो तर कदाचित म्हणालो नसतो. पण अण्णा बाजूलाच उभे होते, आणि ते म्हणाले, "मी टेप मारेल व्हती, रवी." मग मी विचार करून बोललो. म्हणालो, "मारली असेल अण्णा, पण मागे पोरं पळत होती ना."

अण्णा गेले, स्टेजमागे उकिडवे बसले आणि केबलवरून हात फिरवत निघाले. मी वरून बघत होतो. विमलबाईंना उचलायला पंधरा-वीस माणसं त्याच केबलवरून धावली होती. एके ठिकाणी पट्टी सुटून उभी राहिली होती. अण्णांचा अंगठा तिथे थांबला. मग उठून अध्यक्षांना म्हणाले, "हां. आठेच निघेल शे." म्हणजे इथेच निघालीय.

इथे मला एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर कबुली अर्धी राहील. केबल सुटली तर आमचे दिवे विझत नाहीत. निरोप यायचा थांबला की दिवा शेवटचा रंग धरून उभा राहतो. तशी सेटिंग असते, आणि त्या दिवशी सकाळी ती मीच केली होती. केबल खरंच निघाली असती तर त्या बायका लाल उजेडात उभ्या राहिल्या असत्या आणि विमलबाई घरी चालत गेल्या असत्या. हे जाणणारा एक जरी माणूस त्या हॉलमध्ये असता तर मी जागच्या जागी पकडला गेलो असतो. माझ्याशिवाय कोणी नव्हता.

अण्णांनी काम सोडलं. मी त्यांना काढलं नाही, उलट थांबा म्हणालो, आणि तेही मनापासून. ते म्हणाले, "नको रे. आता हात लावाले भ्याव वाटस." बमरोलीतच एका प्रोसेस मिलच्या गेटवर वॉचमन म्हणून लागले. समाजात त्यांची ओळखच झाली, विमलबाईचा पाय मोडला तो वायरवाला. लग्नात कोणी विजेचं बोललं की लोक त्यांच्याकडे बघत. मला कामं येत राहिली. तो व्हिडिओ मी कुणाला दाखवला नाही, एवढंच. पण पुसलाही नाही.

अण्णा काय करायचे ते मला उडत उडत कळायचं. विमलबाईंना काठी लागली, मांडी घालून बसता येईना, लेस लावायचं काम गेलं. अण्णा दर सुट्टीला त्यांच्याकडे जायचे. गॅसची टाकी आणणं, दवाखान्यात नेणं, पंखा दुरुस्त करणं. वायरला मात्र हात लावायचे नाहीत, पंख्याला दुसरा माणूस बोलवायचे. मी विमलबाईंकडे एकदाही गेलो नाही. कधी कोणाबरोबर फळं पाठवली. "कामात आहे" असं सांगायला लावलं.

यंदा श्रावण लागला त्या आठवड्यात अण्णा मला पांडेसऱ्याच्या बाजारात भेटले. गव्हाची पिशवी हातात, चेहरा उजळलेला. मी विचारायच्या आधीच सांगू लागले. कानबाईच्या रोटांचं ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू मोजतात, त्या पिठाचे रोट करतात आणि ते फक्त घरचे आणि भाऊबंद खातात. बाहेरच्याला देत नाहीत, कितीही जवळचा असो. अण्णा म्हणाले, विमलबाईंच्या घरी गेली चार वर्षं त्यांच्याही नावाची सव्वा मूठ मोजतात. "भाऊबंद करी टाकं माले," ते म्हणाले. "मन्हा हातथून एवढं व्हयनं, तरी बी."

मी घरी आलो, जेवलो नाही. त्याच आठवड्यात त्या बाईने वहीतून मान वर करून विचारलं होतं, सर, कधी काही झालं होतं का.

दुसऱ्या दिवशी मी एक दिवा, दोन्ही लॅपटॉप आणि दोन हात केबल गाडीवर लादून मिलच्या गेटवर गेलो. सकाळची पाळी आत गेली होती, केबिनमध्ये अण्णा एकटे. त्यांना वाटलं काही दुरुस्तीला आणलंय. तोंडाने सांगण्यापेक्षा दाखवणं सोपं होतं. म्हणून जोडलं. टेबलावर दिवा ठेवला, लाल लावला, आणि म्हणालो, "अण्णा, केबल ओढा."

"कसाले?"

"ओढा तर."

त्यांनी हात पुढे केला, मागे घेतला. नऊ वर्षांनी ते केबलला हात लावत होते. मग ओढली. दिवा लालच राहिला.

अण्णांनी केबलचं मोकळं टोक डोळ्यांजवळ नेऊन बघितलं. परत लावली. परत ओढली. लाल. तिसऱ्यांदा ओढली आणि टोक हातात तसंच धरून म्हणाले, "हाऊ तं इझत नही."

"नाही विझत."

"मंग त्या दिनले कसा इझना?"

मी केबल परत लावली आणि दुसरा लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. यादीत एकच ओळ होती. रीस्टार्ट दाबलं, खिडकी उघडली, ती त्यांना वाचून दाखवली आणि हो म्हटलं. केबिनमध्ये अंधार झाला नाही, दिवस होता. पण दिवा विझला, आणि आम्ही दोघं त्याच्याकडे बघत बसलो. अकरा सेकंद फार असतात. लागला तेव्हा अण्णांचं तोंड माझ्याकडे नव्हतं, गेटकडे होतं.

ते चिडतील असं मी धरून चाललो होतो. चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "तुले तव्हयच माहीत व्हतं?"

"हो."

"आन मी खाले बठीसन टेप चाचपी राहिंतू, तव्हय तू दखी राहिंता."

"हो अण्णा."

गेटवर एक टेम्पो आला. ते उठले, त्याची नोंद केली, आत सोडला, परत येऊन बसले. मग जे म्हणाले ते मला अपेक्षित नव्हतं. "मंग तिना घरना रोट मी कसाले खादात?" त्यांचा आवाज पहिल्यांदा तिथे फुटला. "ते माले सांग आते. मन्ही चूकच नही तं मी तठे कोन?"

त्यांनी मला पाळी सुटेपर्यंत थांबायला सांगितलं. मग आम्ही दोघं माझ्या गाडीवरून विमलबाईंच्या घरी गेलो. त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता, पण तो पडू नये म्हणून धरलेला हात होता.

विमलबाई खुर्चीत बसून परातीत गहू निवडत होत्या. काठी मांडीला टेकवलेली. मला ओळखायला त्यांना वेळ लागला, आणि ओळखल्यावर "तुम्ही तर लाइटवाले" म्हणून पदर सावरला. मी उभ्या उभ्या सांगितलं. या वेळी दिवा नव्हता, तोंडानेच सांगितलं. खूण काढायची राहिली, खिडकी उघडली, मी न वाचता हो म्हटलं, केबलचं खोटं सांगितलं, बल्बही मीच काढायला लावला होता.

त्या गहू निवडत राहिल्या. एक खडा काढून बाजूला ठेवला. म्हणाल्या, "मला रोज वाटायचं, मी गाणं थांबवायला पाहिजे होतं. मी गात राहिले म्हणून बाया नाचत राहिल्या."

म्हणजे त्यांनीही एक वाटा उचलला होता. माझ्या एका बोटाचे किती वाटे झाले होते, आणि त्यांत माझ्याकडे एकही नव्हता.

त्यांनी शेजारचं दुसरं ताट ओढलं आणि मोजायला लागल्या. नवऱ्याच्या नावाची सव्वा मूठ. मुलाच्या नावाची. नातवाच्या नावाची, तो अजून पाळण्यात आहे. मग हात थांबला. अण्णा दाराशीच उभे होते, आत आले नव्हते.

"अण्णा," त्या म्हणाल्या, "तुम्ही चूक केली म्हणून मी मूठ मोजत नव्हते. तुम्ही आलात म्हणून मोजत होते." आणि त्यांच्या नावाची मूठ घातली, वर पाव मूठ. "बसा आता."

अण्णा बसले. मग विमलबाईंनी माझ्याकडे बघितलं. डोळ्यांत राग नव्हता, मायाही नव्हती. दारावर नवा माणूस आल्यावर बघतात तसं बघितलं. "तुम्ही पण बसा," म्हणाल्या. "चहा ठेवायला सांगते."

मी चहा घेतला. गव्हाचं ताट उचलून आत नेलं गेलं.

निघताना मी अण्णांना म्हणालो, मी हे मंडळासमोर सांगतो, अध्यक्षांना सांगतो, म्हणाल तिथे सांगतो. ते चप्पल घालत होते. म्हणाले, "तू त्या दिवाळीना अंकमा लिखनार शे ना? आपला लोके वाचतस तो." मी हो म्हणालो. "तठे लिख. बाकी तुले जसं लिखनं तसं लिख. टेपनं मात्र लिखजो."

तर लिहितो. त्या दिवशी हिलाल अण्णांनी केबल भिंतीच्या कडेने टाकली होती आणि तिला दर हातभर अंतरावर टेप मारली होती. प्रत्येक पट्टीची दोन्ही टोकं अंगठ्याने दाबलेली होती. शो सुरू व्हायच्या आधी मी स्वतः तिथून चालत गेलो होतो, आणि एकही पट्टी सुटलेली नव्हती.